रोवणीचा बोजारा

केळी मला आवडत नाहीत. आधी आवडायची. पण ज्या शेतावर मी राहिले तिथे कुणाचा वाढदिवस असला किंवा कुणाच्या आईचं वर्षश्राद्ध असलं, की गोंदियाहून एक गाडी यायची. आम्हाला ओळीत बसवायचे, प्रत्येकीच्या हातात केळी आणि बिस्किटाचा पुडा द्यायचे आणि फोटो काढायचे. फोटोत हसायचं असतं. मी हसत नसे. फोटो काढणारा म्हणायचा, "मॅडम, थोडा स्माइल," आणि मी तिथेच केळं सोलून तोंडात कोंबायचे. बोलता येत नाही तर हसणार कशी?

शेत नवेगाव बांधच्या अलीकडे, जंगलाला लागून. दवाखान्यातून बऱ्या होऊन आलेल्या, पण घरात ज्यांची जागा तोवर भरून गेलेली असते अशा बायकांसाठी एका संस्थेनं ते चालवायला घेतलेलं. धानाच्या बांध्या म्हणजे भाताची खाचरं, शेळ्या, गांडूळखताचे हौद, भाजीचे वाफे. कामातून माणूस सावरतो, हातानं काही पिकवायला शिकला की पुढे पोटही भरू शकतो, असं त्यामागचं म्हणणं. फाटकावर लांबलचक नावाची पाटी होती. गावात मात्र त्याला सरळ 'येड्याईचं वावर' म्हणत. मला त्या नावाचा राग येत नसे. पाटीवरच्या नावापेक्षा ते निदान लक्षात तरी राहायचं.

मी तिथे कशी पोहोचले ते थोडक्यात सांगते, लांबवण्यासारखं त्यात काही नाही. नवरा गेला आणि काही महिन्यांनी मला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू यायला लागली. मी त्यांना उत्तरं द्यायचे, आणि तिखट द्यायचे. भावानं नागपूरला नेलं. गोळ्या सुरू झाल्या, भिंती गप्प झाल्या. नंतर त्यानंच मला या शेतावर आणून सोडलं. आमचं घर जमीनदारीचं. पूर्वज माळव्यातून आले, हे आमच्याकडे पाणी देण्याआधी सांगतात. आमच्या घरच्या बायका शेतावर भाकरी घेऊन जातात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभ्या राहतात आणि परत येतात. चिखलात उतरतात त्या दुसऱ्या. चाळिशी ओलांडेपर्यंत मी कधी धानाच्या बांधीत पाय घातला नव्हता.

होळीला भावाकडे गेले होते. वहिनी पोळ्या लाटत होती म्हणून मी विळी घेऊन कांदा चिरायला बसले. ती उठली आणि माझ्या हातातून विळी काढून घेतली. रागानं घेतली असती तर बरं झालं असतं. हळूच घेतली, झोपलेल्या लेकराच्या हातातलं खेळणं काढावं तशी. मला गोठ्याच्या बाजूची खोली दिली होती आणि मुलांना तिकडे फिरकू देत नव्हते. त्याच दिवशी मी ठरवलं, या घरात राहायला यायचं नाही.

पण ठरवून काय होतं? शेतावरचं माझं प्रशिक्षण दिवाळीपर्यंतच होतं. त्यानंतर एकतर ती खोली, नाहीतर स्वतःचं काहीतरी. शेजारच्या गावात एका म्हातारीकडे रिकामी खोली होती. मी जाऊन विचारलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "काम आहे का तुले? काम असन तं राहा." येडी आहेस का, असं तिनं विचारलं नाही. काम आहे का, एवढंच विचारलं. त्या एका गोष्टीसाठी मला ती म्हातारी आवडली.

आणि त्या गावातलं बायकांचं काम एकाच बाईच्या हातात होतं. तिला सगळे टोळीवाली म्हणत. रोवणी म्हणजे भाताची लावणी, निंदण म्हणजे तण काढणं, कापणी, सगळ्या कामांना ती बायकांची टोळी घेऊन जायची. शेतकरी तिच्याशी बोलायचे आणि कुणाला घ्यायचं ते ती ठरवायची. तिच्या टोळीत जागा मिळाली तर वर्षभर हाताला काम. नाही मिळाली तर गोठ्याच्या बाजूची खोली.

आषाढात रोवणीची घाई झाली आणि टोळीवालीला बायका कमी पडल्या. अर्ध्या गावातल्या बायका दुसरीकडे गेलेल्या. तेव्हा ती स्वतः आमच्या फाटकावर आली. आम्हाला शिकवणाऱ्या ताईला म्हणाली, "तुमच्या इथल्या तिघी-चौघी देता का? रोवणा येते का त्यायले?"

ताई भली होती. मनानं खचलेल्या माणसांना कामातून उभं कसं करायचं याचं शिक्षण घेऊन आलेली. पण ती घाबरली. "एवढा ताण झेपेल का?" म्हणाली.

मी म्हटलं, "ताई, तुम्हीच मला चिखलात उतरवलं. आता तुम्हीच बाहेर काढू नका."

आम्ही तिघी निघालो. एक चिचगडकडची, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान, घरी गोंडी बोलणारी आणि एरवी बोलायची फारशी तसदी न घेणारी. तिला मिरगी, म्हणजे फिट, यायची, पण गोळ्यांमुळे बरेच दिवस आली नव्हती. दुसरी गोंदिया शहरातली, राईस मिलमध्ये उमेदीची वर्षं घालवलेली, बोलणं सगळं हिंदीत. आणि तिसरी मी.

इथे ताईची शिकवण्याची पद्धत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. शेतावर मोहाच्या झाडाला लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. थोड्या थोड्या वेळानं ताई तो वाजवायची. घंटा झाली की हातातलं काम असेल तिथे ठेवायचं, हात धुवायचे, धुऱ्यावर ओळीत बसायचं, श्वास मोजायचा. मग प्रत्येकीनं शेजारणीला विचारायचं, "आज मन कसं आहे?" सुरुवातीला मला ते सगळं पोरखेळ वाटायचं. नंतर सवय झाली. सवय इतकी झाली की घंटा आधी पायांना ऐकू यायची आणि मग कानांना.

पहिल्या दिवशी टोळीवालीनं आम्हाला बांधीच्या कडेची जागा दिली. शेतावर आम्ही दोरी लावून रोवायचो, दोरी संपली की थांबायचो. इथे दोरी नव्हती. बायका वाकून उभ्या राहिल्या, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, पेंडी, उजवा हात चिखलात, आणि गाणं म्हणत मागे मागे सरकायला लागल्या. बघता बघता त्या पार बांधीच्या मध्यावर पोचल्या आणि आम्ही तिघी तिथेच, धुऱ्याशी. कंबर तुटायला आली होती. तरी मी दात-ओठ खाऊन रोवत होते.

तेवढ्यात गावातल्या शाळेची मधल्या सुट्टीची घंटा झाली. ठण, ठण, ठण. तोच लोखंडाचा आवाज.

मी विचार केला नाही. आमच्यातल्या कुणीच केला नाही. तिघींनी पेंड्या खाली ठेवल्या, चिखलातून बाहेर आलो, पाटात हात धुतले आणि धुऱ्यावर एका ओळीत बसलो. गोंदियाची तर डोळे मिटून श्वासही मोजायला लागली.

बाकीच्या बायका वाकलेल्या तशाच राहून, माना वळवून आमच्याकडे पाहत होत्या. टोळीवाली ओरडली, "काय झालं वो? साप निघाला का?"

"घंटा झाली," चिचगडची म्हणाली. सकाळपासूनचं तिचं ते पहिलंच बोलणं.

बायका अशा हसल्या की एक तर चिखलात बसलीच. टोळीवाली मात्र हसली नाही. "ते शाळेची घंटा होय. पोट्टे खिचडी खाऊन राहिले. तुमी काऊन उठल्या?"

कानशिलं गरम झाली. मी परत चिखलात उतरले, माझ्यामागून त्या दोघी उतरल्या. संध्याकाळी टोळीवाली म्हणाली, "उद्या येऊ नका, बाप्पा. मले लेकरं नाई सांभाळाचे."

"उद्या येणार," मी म्हटलं.

"कायले?"

"आज रोवता आलं नाही म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधीवर आली तेव्हा आम्ही तिघी आधीच तिथे उभ्या होतो. तिनं आमच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, पेंड्या आमच्या पुढ्यात फेकल्या आणि म्हणाली, "घंटा ऐकू आली तं आखीन खाली वाकजा."

आम्ही वाकलो. पाऊस आला तसे डोक्यावरून प्लास्टिकचे कागद ओढून घेतले आणि पुन्हा वाकलो. बोटांची कातडी गेली, पायांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. संध्याकाळी ताई खोबरेल तेल लावायची आणि काळजीनं माझ्याकडे पाहायची. मला त्या कातडीचा अभिमान वाटत होता, आणि तो मी लपवला नाही. सगळ्यांना बोटं दाखवत फिरले.

त्यातच भावाचा फोन आला. त्याला कुणीतरी सांगितलं होतं. "आपल्या घरची बाई दुसऱ्याच्या बांधीत रोवणा करून राहिली? लोक काय म्हणतीन?"

"लोकांचं म्हणून झालं रे," मी म्हटलं. "आता मला माझं काम करू दे." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बडबडत होते. तरी तो वाईट नाही, हे मला माहीत होतं. त्यामुळेच जास्त राग येत होता.

टोळीतल्या बायका सुरुवातीला आमच्यापासून दोन हात लांब रोवायच्या. ते अंतर कशानं कमी झालं म्हणाल तर गोंदियाच्या बाईनं. एका दुपारी तिनं सवयीनं शेजारच्या बाईला विचारलं, "आज मन कैसा है?"

ती बाई म्हणाली, "मनाले काय धाड भरली? कंबर विचार, कंबर!"

मग ते रोजचंच झालं. बांधीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुणीतरी ओरडायचं, "कंबर कैसी है?" आणि सगळ्या मिळून आपापल्या कंबरेला शिव्या घालायच्या. दोन हातांचं अंतर एका हातावर आलं. टोळीवाली मात्र आमच्याशी कामापुरतंच बोलायची. रोवणी झाल्यावर निंदणाला आम्हाला बोलावणार की नाही, हे तिनं सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. विचारलं आणि नाही म्हणाली तर?

शेवटच्या बांधीचा दिवस आला. आमच्या भागात रोवणी संपली की मालकानं टोळीला जेवण द्यायचं, त्याला बोजारा म्हणतात. ते जेवण मालक आपण होऊन देत नाही, बायका घेतात. शेवटची पेंडी न रोवता राखून ठेवायची आणि मालक धुऱ्यावरून यायला लागला की त्याच्या पायाशी ठेवायची. पेंडी ओलांडून जाता येत नाही. 'या जेवायला' म्हणून ती उचलेपर्यंत त्याची वाट बंद. लहानपणी मी माझ्या वडिलांची वाट अशी अडवलेली पाहिली होती. ते खोटं खोटं रागवायचे, बायका खोटं खोटं भांडायच्या, आणि रात्री आमच्या अंगणात पंगत बसायची. तेव्हा मला ती नुसती गंमत वाटायची. टोळीच्या बाजूनं ती काय असते हे त्या दिवशी कळलं. टोळीवालीचा नेम असा होता की बोजाऱ्याच्या पंगतीत ज्या बसल्या त्या तिच्या बायका. पुढच्या कामाला ती त्यांनाच बोलवायची. अडीनडीला आलेल्या मजुरी घेऊन घरी जायच्या.

मालक दुपारी आला. चांगला माणूस, हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. शेतावरच्या आमच्या खोलीत पंखा त्यानंच दिला होता. पांढरे बूट घालून, छत्री सावरत तो धुऱ्यावरून आला आणि मला बाजूला बोलावलं.

"तुहा भाऊ माझ्या ओळखीचा आहे," तो म्हणाला. "तू तं आपल्याच समाजाची. अन् आता चांगली दिसून राहिली. संध्याकाळी तू आत घरात ये, घरच्या बायांसंगं जेव. त्या दोघीचे डबे मी तुमच्या वावरात पाठवतो. केळंही सांगून ठेवले आहेत."

"डबे कशाला?" मी विचारलं.

"पाव्हणे आहेत घरी. गावातले पोट्टे येतीन. तिले मिरगी येते म्हणतेत. पंगतीत काही झालं तं?"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मला ते हवंसं वाटलं. आतलं घर, बसायला पाट, 'घे ना अजून' म्हणणारी एखादी सून. किती दिवसांत मला कुणी आत बोलावलं नव्हतं. तू चांगली दिसतेस, हे कानाला गोडही लागलं. मग मी मागे पाहिलं. चिचगडची गुडघाभर चिखलात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं. टोळीवालीलाही गेलं होतं, पण ती खाली पाण्यात पाहत होती. आत जेवले असते तर मी मालकाच्या ओळखीची बाई झाले असते आणि त्या दोघी केळ्यांच्या धनी. टोळीत आमच्यातली एकही राहिली नसती.

मग मात्र माझं टाळकं सटकलं.

शेवटची पेंडी टोळीवालीच्या हातात होती. ती ठेवण्याचा मान तिचा. मी मागितली नाही, सरळ घेतली आणि मालकाच्या पांढऱ्या बुटांपुढे धुऱ्यावर ठेवली. रागात माझ्या तोंडून घरचीच बोली बाहेर पडली. "बोजारा पायजे."

तो हसला. "अवो, डबे देऊन राहिलो ना!"

"डबे कोनं मागितले? आमी तिघीनं रोवणा केला. बोजारा द्या."

तो वळून मागे जायला लागला तर मागे गोंदियाची उभी. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सेठ, रास्ता बंद है।" चिचगडची चिखलातून वर आली आणि पेंडीशेजारी मांडी घालून बसली. धुरा अरुंद, दोन्ही बाजूंना बांध्या भरलेल्या.

मालकाचं हसू मावळलं. तो टोळीवालीकडे वळला. "सांग ना वो हिले."

या माणसाच्या शेतावर टोळीवालीला दर वर्षी काम मिळायचं. तिनं 'उचल ती पेंडी' म्हटलं असतं तर मी उचलली असती की नाही, मला आजही माहीत नाही. तिनं सावकाश पाटात हात धुतले, पदराला पुसले.

"मी काय सांगू?" ती म्हणाली. "पेंडी पायात पडली ना तुमच्या. आता तिघीपुरती उचलता येत नाई आन् बाकीच्यापुरतीही उचलता येत नाई. उचलाची तं साऱ्यायसाठी."

एक बाई मागून ओरडली, "नाई तं उतरा ना मालक चिखलात!" आणि एकच हशा झाला. मालकानं आपल्या बुटांकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं. मग वाकून पेंडी उचलली, कपाळाला लावली. "या बाप्पा," म्हणाला. "साऱ्याच या."

ती पेंडी चिचगडचीनं त्याच्या हातातून परत घेतली आणि बांधीच्या कोपऱ्यात रोवून टाकली.

संध्याकाळी मालकाच्या अंगणात टिनाच्या मांडवाखाली पंगत बसली. सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या, वडे, कोंबडीचा रस्सा, भात. सगळं सुरळीत झालं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. आम्ही तिघी ओळीच्या टोकाला बसलो आणि आमच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. बांधीत आमच्या बाजूला रोवणाऱ्या बायकांचीही मालकाच्या अंगणात आमच्याजवळ बसायची हिंमत होत नव्हती. ओसरीवरचे पाहुणे टक लावून बघत होते. मालकीण वाढायला आली ती चिचगडचीसमोर थांबली आणि मला विचारलं, "हिले तिखट चालते का?" मी म्हटलं, "तिलाच विचारा." चिचगडचीनं ताट पुढे केलं. मालकिणीनं रस्सा वरूनच सोडला, पळी ताटाला लागू न देता.

अंगणात घुसायला घुसलो, पण घुसून बसलेल्या माणसाला टोळी म्हणत नाहीत. दिवाळी, भाऊ, गोठ्याच्या बाजूची खोली, सगळं डोळ्यांसमोर यायला लागलं.

टोळीवाली सगळ्यात शेवटी आली, आंघोळ करून, केस ओलेच. ओळीच्या मध्यावर तिच्यासाठी जागा धरून ठेवली होती. बायका हाका मारत होत्या. तिनं एकदा ओळीवरून नजर फिरवली, सरळ टोकाला आली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेत धपकन बसली.

"सरक वो जराशी," म्हणाली. "पाय लांब करू दे." मग पहिला घास तोंडात असतानाच, माझ्याकडे न पाहता बोलायला लागली. "सोमवारपासून तळ्याकडच्या वावरात निंदण आहे. देवळापाशी उभ्या राहजा तिघीई. उशीर केला तं मी थांबणार नाई. अन् माझ्या हातातली पेंडी पुन्हा हिसकली तं हात मोडून ठेवीन."

मला रडू आलं. रडत रडतच मी जेवले, आणि कुणी पाहतंय का याकडे लक्ष दिलं नाही. रस्सा फार चांगला झाला होता. ताटातला भात संपला. मालकीण भाताचं भांडं घेऊन पार ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेली होती. मी मान वर केली आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "भात आना वो इकडे! टोळी उपाशी आहे."